चौथ्या हृदयातला एक शब्द

खडकी,
९ डिसेंबर

प्रिय पूर्वा,

सप्रेम जय भीम.

फोनवर तू हसून विषय बदलतेस. कागदावर ती सोय नाही, म्हणून हे पत्र.

हृदयातील विजेची ये-जा पडद्यावर दाखवणाऱ्या तुमच्या त्या मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी शब्द मी तपासत आहे. तीनशे बारांपैकी दोनशे नव्वद झाले. 'उत्तेजनक्षम' योग्य आहे. 'चालू करा' आणि 'सुरू करा' एकाच पानावर नकोत. चित्रांबद्दल तक्रार नाही. हृदयाच्या एका जागी टिचकी मारली की रंगाची लाट पसरत जाते, आणि निकामी भागाशी अडली की त्याच्याभोवतीच गरगरत राहते, पुढचा ठोका नीट पडू देत नाही. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, पण चक्रक दोष, म्हणजे फिरून त्याच जागी येणारा युक्तिवाद, मला इतका स्पष्ट कधी दाखवता आला नव्हता.

परंतु हे काम मला का दिले गेले, याविषयी मला पहिल्या दिवसापासून संशय आहे. दहावीनंतर तू माझी मदत मागितलेली नाहीस. शिवाय अट अशी, की "बाबा, सतरा तारखेपर्यंत संपवा, आणि तोवर इकडे येऊ नका, ट्रॅफिक फार आहे." हिंजवडीचा ट्रॅफिक गेली पंधरा वर्षे आहे, तो सतरा तारखेला संपेल असे मानण्यास आधार नाही. तुझ्या आईच्या स्मृतिदिनी तू विहारात आली नाहीस. ऑफिस आहे म्हणालीस. तो रविवार होता. मी वाद घातला नाही, नोंद घेतली.

तुमच्या सॉफ्टवेअरचा गुण हा, की कोणी, कधी, काय बदलले ते कोणालाही पाहता येते. तुला वाटले असेल, म्हातारा तिथवर जाणार नाही. त्यात नमुन्यादाखल चार हृदये आहेत. तीन परदेशातून आलेली, जुनी. चौथे तू जोडलेस, स्मृतिदिनानंतर दोन दिवसांनी. नाव नाही, स्त्री, वय छत्तीस, स्कॅनवरून तयार केलेले. खाली टीप: 'प्रक्रिया १७ ला. लाट कुठे तोडायची ते आधी ठरवणे.'

एवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे झाले असते. तुझ्यासारख्या छत्तीस वर्षांच्या स्त्रिया पुण्यात पुष्कळ आहेत. पण तुझा एक शब्द चुकला. पहिल्या तिन्ही हृदयांतील निकामी भागाला तू 'मृत ऊती' म्हटले आहेस. चौथ्यात मात्र 'दमलेली ऊती'.

तुझी आई चंपा कारखान्यातून परतताना क्वार्टर्सच्या जिन्यात थांबायची, छातीवर हात ठेवून म्हणायची, "काही नाही, जरा दमलंय ते." पुढे डॉक्टरांनी तिच्या हृदयाचा एक भाग मेल्याचे सांगितले, तेव्हा दहा वर्षांची तू त्यांच्याशी भांडलीस: "मेलं नाही, दमलंय." आणि मी, तिच्या खाटेशेजारी उभा राहून, सर्वांसमोर तुझा शब्द दुरुस्त केला. त्यानंतर तू मला आपले दुखणे सांगणे बंद केलेस. हे मला आजच कळले असे लिहिले, तर ते खोटे ठरेल.

अनुमानातला खरा हेतू, म्हणजे त्याचा आधार, कसा ओळखावा, हे तुला मीच शिकवले: तो प्रस्तुत ठिकाणी असावा, तशाच दुसऱ्या ठिकाणी असावा, आणि विरुद्ध ठिकाणी नसावा. तो शब्द चौथ्या हृदयात आहे, तुझ्या आईच्या हृदयाला लागला होता, तीन परक्या हृदयांत नाही. तिन्ही अटी पुऱ्या होतात. या अनुमानात दोष सापडावा म्हणून मी चार दिवस शोधत होतो. सापडला नाही.

तेव्हा सोळा तारखेला सकाळी मी येत आहे. ट्रॅफिकचे मी पाहून घेईन. संमतिपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. तिथे कोणाचे नाव दिले आहेस ते विचारणार नाही, खोडून माझे घाल. उरलेले बावीस शब्द दवाखान्यातल्या बाकावर बसून तपासता येतील. यादी उघडशील तेव्हा तुला एक त्रुटी तशीच राहिलेली दिसेल. ती नजरेतून सुटलेली नाही. 'दमलेली' हा शब्द मी दुरुस्त केलेला नाही.

तुझाच, सहीपुरता तरी,
बाबा