अर्धा चमचा

प्रिय सोन्या,

फोनवर तू घाईत असतोस आणि मी बोलायला लागले की भरकटते, म्हणून सविस्तर लिहितेय. निवांत बस आणि मग वाच.

छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झाले आणि 'दोन महिने जरा वेळ जाईल' म्हणून त्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे जायला लागले, हे तुला ठाऊकच आहे. औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायच्या सूचना त्यांच्या सॉफ्टवेअरमधून छापल्या जातात. त्यातलं शुद्धलेखन बघायचं, एवढंच माझं काम. पाच जण, एक लांब टेबल, सगळे माझ्या निम्म्या वयाचे. मला 'काकू' म्हणतात आणि खुर्चीला उशी लावून देतात.

पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आले होते. जो तो मूळ कामाची आपली वेगळी प्रत घेतो, तीत बदल करतो आणि मग त्या सगळ्या प्रती एकत्र जोडतात. मी म्हटलं, हा काय पोरखेळ! पण त्यांच्या प्रमुखीणबाईंनी, म्हणजे एका चष्मेवाल्या मुलीनं, शेजारी बसून दाखवलं. कुठली ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली, सगळं जिथल्या तिथे. जुनं काही पुसलं जात नाही. छापखान्यात हे असतं ना, तर तुझ्या आईला निम्मी बोलणी खावी लागली नसती.

तर गेल्या मंगळवारची गोष्ट. नवी आवृत्ती दुपारी तीनला दवाखान्यांकडे जायची होती. मी आपली सवयीनं शेवटचं वाचत होते, आणि लहान मुलांच्या तापाच्या औषधापाशी अडखळले. 'एक चमचा.' अरे, हे तर महिन्यापूर्वी 'अर्धा चमचा' केलं होतं, मी स्वतः वाचलेलं! चष्मेवालीला सांगितलं, तर ती म्हणाली, "काकू, सगळं तपासून झालंय हो." पावणेतीन वाजलेले. या वयात शोभा नको, असंही वाटून गेलं. पण ती बाटली कुणाच्या तरी लेकरासाठी घरी जाणार. मी म्हटलं, "बाई गं, जुन्या नोंदी उघड. मी चुकले असेन तर उद्यापासून येणार नाही."

तिनं उघडल्या. अर्धा चमचा होताच! पण त्याआधी घेतलेली एक प्रत आदल्या दिवशी जोडताना कुणीतरी जुनी ओळ तशीच ठेवली होती. आणि नाव कुणाचं? तिचंच. मग तिनं कपाळावर हात मारला आणि उठून माझ्या गळ्यातच पडली. सगळ्या जोडण्या ओळ न् ओळ तपासून आवृत्ती पाचला गेली. दुरुस्तीच्या नोंदीत तिनं लिहिलंय, 'चूक माझी, पकडली काकूंनी.' मी रस्त्यानं एकटीच हसत घरी आले. फळवाल्यानं विचारलं, लॉटरी लागली की काय!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कायमची नोकरी देऊ केली आणि मी तिथल्या तिथे हो म्हणून बसले. आता खरं लिहायचं ते. पुढच्या महिन्यात बाडबिस्तरा आवरून मी कायमची तुमच्याकडे येणार, असं आपलं ठरलं होतं. मी येत नाहीये, रे. रागावू नकोस. बाबा गेल्यावर आईला आता कुणाच्या तरी आधारानं राहायचंय, असं तुला वाटलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. माझ्यासाठी रिकामी केलेली खोली सूनबाईला चित्रं काढायला दे, कधीची मागतेय ती. मी येईन की चार दिवस, हक्काची पाहुणी म्हणून. रजा मंजूर झाली तर!

तुझीच,
कामावर निघालेली आई