ताईच्या गोळ्यांवर सही नाही

दादा,

ताईला घेऊन तिच्या दिवसभराच्या देखभाल केंद्रात जातेय. भाजी गॅसवर आहे, गरम करून घे.

तू ठेवलेल्या गोळ्यांच्या संमतीच्या फॉर्मवर मी सही केलेली नाही, करणारही नाही. ताटं भिरकावते म्हणून तिला दिवसभर पेंगत ठेवणाऱ्या गोळ्या द्यायच्या? काल जेवणाच्या वेळी मी तिथे बसून पाहिलं. सगळे एकदम खुर्च्या ओढतात, फरशीवर कर्कश आवाज होतो. ताई आधी कान झाकते, मग जोरजोरात मान हलवते, आणि तरी कुणी ढुंकून बघितलं नाही की ताट भिरकावते. बोलता येत नाही तिला, पण सांगत होती ना!

मी तिथल्या मोठ्या बाईंना म्हटलं, "तिला दहा मिनिटं आधी जेवायला बसवा."

"एकीसाठी नियम बदलत नाही," म्हणाल्या.

मग मीच तिला व्हरांड्यात बसवलं. ताट चाटूनपुसून लख्ख केलं तिनं.

आजपासून रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिथेच असणार. बाईंनी हाकललं तर फाटकाबाहेर बसून जेवू. तुला सही हवीच असेल तर दुपारी एकला तिथे ये, आणि ताईच्या डोळ्यांत बघून माग.

धाकटी