शुक्र पाहिल्याची साक्ष

रेल्वे क्वार्टर्स, दौंड
रविवार, २८ नोव्हेंबर २००४

सन्माननीय सत्तारभाऊ यांस,

सुरेखाचा सप्रेम जयभीम, आणि शहजादीभाभींना सलाम. आम्ही इकडे बरे आहोत. तुमच्याकडचं काही कळत नाही, म्हणून जीव लागून राहिला आहे. फोन केला तर तुम्ही ह्यांचा आवाज ऐकून ठेवून देता, आणि माझा ऐकून म्हणता की भाभी घरात नाहीत. म्हणून पत्र. दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला लावता ती भिंगाची नळी काढून ठेवा आणि सावकाश वाचा.

राजश्री पुण्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा पौर्णिमेला विहारात वंदनेला गेले होते, थंडी चांगलीच पडली आहे. गव्हाचा भाव वाढायच्या आत वर्षाचे भरून ठेवले. आणखी काय लिहू? यंदा ईदचा डबा आला नाही. दर वर्षी हे सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून शिरूरला तुमच्याकडं यायचे आणि शीरखुर्म्याचा डबा मांडीवर धरून परतायचे. यंदाही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले. दुपारी उठले, शर्ट काढला, घडी घातली. मळलेला नव्हता, तसाच कपाटात ठेवला.

मला जे लिहायचं आहे ते ओसरीबद्दल.

तुम्ही दोघांनी कॉम्प्युटरवर ती काढली तेव्हा माझा रागच होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांनी दिवसभर ऑफिसात रेल्वेचे टेलिफोन सांभाळायचे आणि घरी आल्यावर घरचा फोनही त्या डब्याला जोडून अडकवून ठेवायचा. ताऱ्यांचा छंद असलेली माणसं गावोगावहून लिहितात आणि एकाचं लिहिलेलं सगळ्यांना पोचतं, एवढंच मला सांगितलं होतं. नाव ह्यांनी ठेवलं, की ओसरीवर कुणीही येऊन टेकावं. पण या उन्हाळ्यापासून ती पत्रं मीच ह्यांना वाचून दाखवते, उत्तरंही मीच टाईप करते. का, ते पुढं लिहिते. राजश्रीनं सुट्टीत मला माऊस धरायला शिकवलं. इंग्रजी माझं मॅट्रिकपुरतं, पण लोक लिहितात मराठीच, अक्षरं तेवढी इंग्रजी.

भाऊ, मी कधी अशी माणसं एका जागी पाहिली नव्हती. दुबईला क्रेन चालवणारा एक, गडहिंग्लजची एक नवी सून, परभणीचे एक कंपाउंडर. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, जात विचारलेली नाही. आणि नव्या माणसाचं पहिलं लिखाण आधी ह्यांच्याकडं येतं. वाचून झालं की माझ्या बोटाखाली दोन चौकोन असतात, एक जाऊ द्यायचा, एक काढून टाकायचा. काढायचा दाबला की माणसानं लिहिलेलं गेलं, त्याची राखसुद्धा उरत नाही. ज्या टेबलावर मी मटार सोलते, त्या टेबलावर ही सत्ता येऊन बसली होती. मला तर पहिले काही दिवस माऊसला हात लावायची भीती वाटायची.

हे मात्र ती सत्ता वापरायचेच नाहीत.

मे महिन्यात एका बाईनं लिहिलं की शुक्रामुळं मुलीचं लग्न लांबतं आहे, उपाय सांगा. मी म्हटलं, काढून टाका, आपल्या घरात पत्रिका चालत नाही आणि ओसरीवरही नको. हे हसले. मला टाईप करायला लावलं की ताई, उपाय इथं कुणाला येत नाही, पण संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून उभ्या राहा, ज्याच्यावर तुमचा एवढा राग आहे तो दिसतो कसा ते तरी बघा. ती बाई आता आठवड्यातून दोनदा लिहिते. परवा तिनं शनीच्या कड्यांबद्दल विचारलं. लग्नाचं नाव नाही.

आता आठ जूनचं. लिहायचं टाळत होते, पण त्यासाठीच तर बसले आहे.

त्या दिवशी शुक्र सूर्यावरून गेला. ओसरीचा नियम तुम्ही दोघांनीच घातलेला, की कुठून पाहिलं, कशातून पाहिलं, आभाळ कसं होतं, काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे सगळं लिहिलं तरच नोंद धरायची. तुम्ही दुकानाच्या गच्चीवरून लिहिलंत की शुक्र बाहेर पडताना सूर्याच्या कडेपाशी अडकल्यासारखा झाला आणि मधे काळा धागा दिसला. बाकीचं काही लिहिलं नाहीत. त्यावर नगरचे दगडोबाकाका, ते निवृत्त पोस्टमास्तर, म्हणाले की नगरला त्या वेळी ढग होते, इतक्या जवळ शिरूरला ऊन कसं. मग ह्यांनी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, सत्तारभाई, आभाळ कसं होतं आणि सोबत कोण होतं ते लिहावं. तुम्ही लिहिलं नाहीत, फोन केलात. मी पोळ्या लाटत होते तरी तुमचा शब्द न् शब्द ऐकू आला. "महिंद्रा, तू मला पुरावा मागतो व्हय? माझ्या हातानं दुर्बिणीचा आरसा घासून दिला तुला, तवा पुरावा मागितला न्हाईस." त्यानंतर तुम्ही ओसरी सोडलीत.

सोडायच्या आधी तुम्ही ह्यांची नोंद वाचली असणार. दौंड, आकाश निरभ्र, शुक्र दिसला नाही. तुम्हाला वाटलं असेल, मित्रानं मुद्दाम पाठ फिरवली. तुमच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

इथं उठले होते, दूध वर येत होतं. आता बसले आहे तर लिहून टाकते.

त्या दिवशी अंगणात तुमच्या आरशाची दुर्बीण लावली होती. सूर्य पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडला होता आणि पुठ्ठा मी धरला होता. ताटलीएवढा सूर्य, आणि त्यावर मिऱ्याचा दाणा. हे म्हणाले, तो दाणा म्हणजे आपल्या पृथ्वीएवढं जग आहे. पुठ्ठा हातात होता म्हणून हात जोडता आले नाहीत. दुपारभर तो दाणा सरकत राहिला. आमचं सगळं, दौंड, विहार, धुणं, ऑफिस, राजश्रीची परीक्षा, मावेल तेवढ्या आकाराचा एक दाणा, आवाज न करता.

संध्याकाळ व्हायच्या आधी तो कडेला आला. आणि भाऊ, सुटेना. पळीतून काकवीचा शेवटचा थेंब सुटता सुटत नाही ना, तसा एक धागा मधे राहिला. मी म्हटलं, अहो बघा, अडकला. हे पुठ्ठ्यावर वाकून बघत होते, खूप वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "सुरेखा, मला काय बी दिसत न्हाई."

महिनाभर पत्रं मला वाचायला लावत होते ते कंटाळ्यानं, असंच मी धरून चालले होते, म्हणून मला वाटलं चेष्टा करतात. तर म्हणाले, "जिकडं बघतो तिकडं एक काळा डाग हाय. महिनाभर हाय. भिंतीवर बी तोच, भातात बी तोच. ह्यातला शुक्र कंचा, ते मी कसं सांगू."

रक्तातल्या साखरेनं डोळ्यांच्या पडद्याला सूज आली आहे. पुण्याला दाखवलं, लेसर झालं. आहे ते टिकेल म्हणतात, गेलं ते येणार नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. अक्षर तर अजिबात नाही.

त्या दिवशी दगडोबाकाकांचं लिखाण मीच वाचून दाखवलं आणि मीच म्हटलं, तुम्ही नुसतं 'दिसला' असं लिहा, मी पाहिलाय की, घरातल्या घरात काय फरक पडतो, सत्तारभाऊंची बाजू राहील. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सत्तार खोटं बोलत न्हाई हे मला ठावं हाय. ओसरीला ठावं न्हाई. मी न बघता दिसला म्हनलो, तर त्याचं खरं बी माझ्या खोट्यात जमा हुईल."

मी घरचा जमाखर्च रोज लिहिते, पण अशी जमा मला कधी सुचली नव्हती. खोटं न बोलण्याचं चौथं शील मी लहानपणापासून म्हणत आले आहे, डोळे मिटून, चालीवर. त्या दिवशी ते माझ्यासमोर खुर्चीत बसलेलं होतं.

आणखी एक. हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, आणि मी सांगते आहे हे त्यांना आवडणारही नाही. तुम्ही गेल्यावर नव्या लोकांचं बरंच काही आलं, थांबवलेल्या रांगेत. एकात तुमच्या दुकानावरून होतं, एकात तुमच्या नावावरून. शब्द मी लिहीत नाही. तरी ह्यांनी मला सगळं वाचायला लावलं. दुकानावरून बोलणाऱ्याला ह्यांनी खाजगीत लिहिलं की शंका विचारा, माणूस काढू नका. त्यानं ऐकलं, पुन्हा नीट लिहिलं. नावावरून बोलणाऱ्याला ओसरीचा दरवाजा बंद केला, तोही चारचौघांत गाजावाजा न करता. मी म्हटलं, सत्तारभाऊंना कळवा तरी, तुम्ही त्यांच्यासाठी काय अडवलंत ते. तर म्हणाले, "मग अडवलं कशाला? त्येच्या कानावर गेलंच की."

इतके महिने ह्यांनी तुमचा राग सोसला, पण ती दोन वाक्यं तुमच्यापर्यंत जाऊ दिली नाहीत. तुम्हाला दिसला तो फक्त चारचौघांत विचारलेला प्रश्न. जे अडवलं ते दिसणार कसं? हे मला कळलं त्या दिवशी मी भाकरी थापता थापता थांबले. माझ्या नवऱ्याला मी वीस वर्षं जेवायला वाढते आहे, आणि तो कोण आहे हे मला अंगणातल्या त्या दाण्यासारखं एकदम दिसलं.

आता म्हणाल, मग वहिनी, तुम्ही पाहिलं होतं तर तुम्ही का नाही लिहिलंत. बायकोला दिसला आणि नवऱ्याला त्याच दुर्बिणीतून नाही, हे लिहिलं की डोळ्यांचं बाहेर येणार. मग सगळे म्हणणार, सूर्याकडं बघून डोळे घालवले, आणि पोराबाळांना आभाळ बघायला कुणी सोडणार नाही. हे म्हणायचे, तुला लिहायचं तर लिही, तुझं डोळं तुझं हायेत. मला धीर झाला नाही. यंदाच्या ईदला तो शर्ट कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी लिहायला बसले.

माझ्या नावानं ओसरीत नाव घातलं. सगळी दुपार एकेक अक्षर शोधत टाईप केलं आणि पाठवलं. तर ते गेलं कुठं, ह्यांच्या रांगेत. नवी सभासद ना मी. माझंच लिहिलेलं मीच ह्यांना वाचून दाखवलं. हे मान खाली घालून ऐकत होते, जशी मी कुणी परगावची बाई. शेवटी म्हणाले, "ह्या बाई कुठं बसल्या व्हत्या, ते लिहिलेलं न्हाई."

मी म्हटलं, तुमच्या समोर बसले होते, पुठ्ठा धरून.

"ओसरीला ते दिसत न्हाई. परत पाठवा म्हणावं बाईंना."

रागानं मी चहाच ठेवला नाही. पण पुन्हा लिहिलं. कुठं बसले, पुठ्ठा किती लांब, आभाळ कसं, धागा कसा, आणि माझ्या समोर बसलेल्या माणसाला साखरेमुळं दिसत नव्हतं, सूर्यामुळं नाही, हेही. हे म्हणाले, आता पुरं झालं, जाऊ दे. मी जाऊ द्यायचा चौकोन दाबला.

दुसऱ्या दिवशी दगडोबाकाकांचं आलं. कुणी त्यांना माफी मागायला सांगितलं नव्हतं. त्यांनी लिहिलं आहे की नगरला ढग होते हे खरं, पण माझ्या गावचं आभाळ मी शिरूरवर नेऊन घातलं, सत्तारभाईंची माफी मागतो. ह्यांनी त्याखाली एकच ओळ टाकायला लावली. याचं उत्तर सत्तारभाईंचं आहे, तोवर इथं कुणी लिहू नये, ही विनंती.

हुकूम नाही, विनंती. आणि भाऊ, कुणी लिहिलेलं नाही. तो दुबईचा क्रेनवाला, ज्याला प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं, तोही नाही. माणसं येतात, दुसरीकडं चंद्राचं विचारतात, धूमकेतूचं विचारतात, काकांच्या त्या पत्राखाली मात्र सगळी जागा कोरी आहे. मी रोज उघडून बघते. न पाहिलेल्या एका माणसासाठी इतके लोक बोलायचे थांबतात, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहते आहे.

ओसरी पुढं कुणी सांभाळायची, ह्यांच्या मनात कोण आहे, ते मी लिहीत नाही. डोळ्यांकडं बघून या, असंही म्हणत नाही. दयेनं आलेलं ह्यांना लगेच कळतं. तुम्हाला काकांना काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. नसेल लिहायचं तर तेही तुमचंच. ती जागा कुणी भरणार नाही.

तुम्ही जे पाहिलंत तेच पाहिलेली,
तुमची बहीण
सुरेखा