मंडईमागचं हॉटेल

समडोळी, डिसेंबर १९७४

सुकुमारच्या बाबांस नमस्कार,

गेल्या मंगळवारी मी पुण्याला येऊन गेले. अण्णाप्पादादा हळद विकायला निघाला होता, तुम्हाला चकित करावं म्हणून मीही त्याच्या ट्रकमध्ये बसले. तुमच्या खोलीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, कंपनीच्या कामाला नाशिकला गेलेत.

मग तुमची पत्रं काढली आणि त्यांत लिहिलेलं पुणं बघत फिरले. तुळशीबागेतलं बांगड्यांचं दुकान सापडलं, उदबत्तीवालाही सापडला. शेवटी मंडईमागचं हॉटेल, जिथं तुम्ही दिवस मावळायच्या आत फक्त दूध पिता. तुमचं नाव कसं घेणार? मालकांपुढं पाकिटामागचं तुमचं नाव-पत्ता धरला.

"मगदूम व्हय? दूध कुठलं, ताई! रोज दिवे लागल्यावर येत्यात. दोन प्लेट कांदाभजी. लय आवड त्यांना!"

तीन वर्षं तुम्ही लिहिताय, इथं आपल्या जैनांना कांद्याशिवाय काही मिळत नाही, तुझे हाल होतील, म्हणून आणत नाही. मग खरं कारण काय? मी उठणारच होते, तेवढ्यात मालकांनी गरम प्लेट पुढं ठेवली. मी एक भजं खाल्लं. मग प्लेट संपवली.

आता तुम्हाला जाब विचारावा, तर आधी माझं सांगावं लागेल. घरी आल्यावर कांद्याचा वास जाऊ नये म्हणून सासूबाईंशी दिवसभर तोंड वळवून बोलले. तुमच्यावर रागवावं की स्वतःवर, काही कळत नाही.

हे पत्र ट्रंकेत ठेवते. टपालात दुसरं टाकलंय, त्यात एवढंच आहे: मला पुण्याला न्या. खाण्याचं मी जमवून घेईन.

तुमची,
राजमती