फ्यूजच्या जागी तार

भुकूम, मंगळवार, संध्याकाळ

किळस आली. दुसरा शब्द नाही.

माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या दिव्यांचा फ्यूज सारखा उडायचा. गेल्या महिन्यात गॅरेजवाल्या दत्तोबाने तो तासाभरात 'बरा' केला. आज जळका वास आला म्हणून झाकण उघडलं, तर फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार! तशीच गॅरेजवर गेले.

"मॅडम, तार टाकल्यापास्नं फ्यूज उडला का? न्हाई ना? मग झालं की!"

"अरे, उडण्यासाठीच असतो तो! दोष शोधायचा सोडून..."

"लई वायरी हायेत. कुटं कुटं शोधत बसायचं?"

शेवटी मीच शोधला. डिकीच्या बिजागरीत वायर सोलवटून पत्र्याला टेकत होती. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा चष्मा शोधण्यात.

पण ती तार! आणि मी मूर्ख. शेजारच्या सुलभाला मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, "दत्तोबाकडेच जा." तिच्या गाडीचाही फ्यूज आता उडत नाही म्हणे. त्याच गाडीतून ती रोज नातीला शाळेत सोडते.

तार समोर टेबलावर पडली आहे. ती आणि टॉर्च घेऊन आत्ताच सुलभाकडे जाते. कॉन्व्हेंटात 'सॉरी' दिवसातून दहादा म्हणायला लावत. मनापासून एकदाही म्हटलं नाही. आज आधी तिच्या गाडीतलं झाकण उघडेन, मग म्हणेन.