दोन वाट्या वाल

२ डिसेंबर २०१२, रविवार

सगळ्यांत आधी आली सीताबाई! घरून पाट घेऊन. शेजारीण असून दाणे मात्र माझ्याच ओच्यातले खाल्ले. मॅच नऊची, आम्ही दोघी आठलाच खांब गावच्या कापलेल्या शेतात. पेणवरून सामनेवाल्या पोरींची गाडी यायची होती, ती वडखळला अडकली. मग काय, बसा गप्पा मारत.

या खेळाला बेसबॉल म्हणतात. मुसळासारखं गोल लाकूड. शेतात चार कोपऱ्यांना चार गोणपाटं टाकलेली. चेंडू मारायचा नि पहिल्या गोणपाटावर पळत सुटायचं. माझी नात मैना काय मारते गो! आज चेंडू पार बाजूच्या शेतवाल्या दाजीच्या वालांत गेला. दाजी बोंबलतोय, आम्ही टाळ्या वाजवतोय.

दिवाळीपासून पाच मॅची झाल्या. खेळ बघता बघता मला लिहायला सुधरत नाय, म्हणून वाटी घेऊन बसते. मैना गोणपाटावर पोचली की वाटीत एक वाल. पहिला टाकताना एक नाय म्हणायचं, ‘लाभ’ म्हणायचं, भात मोजताना म्हणतो तसं.

दुसरी वाटी रंभाची. मैनाच्याच वर्गात आहे, काडीसारखी. आई कंपनीत शिफ्टला, बघायला कुणी येत नाय. म्हटलं, तिचंही कुणी मोजायला हवं.

४ डिसेंबर, मंगळवार

डोकं फिरलं. वाट्या मोजल्या. मैना आठ, रंभा अकरा! असं कसं? रंभाला तर मी धड मारताना बघितलं नाय.

परत मोजल्या. तेच.

५ डिसेंबर, बुधवार

मैनाचे कमळाकर सर रोह्याच्या शाळेतून येता येता चहाला थांबले. त्यांना विचारलं. हसायला लागले. “आजी, रंभा मारत नाही हो. वाईट चेंडू आला की सोडून देते. असे चार झाले की फुकट पहिल्या गोणपाटावर जायला मिळतं, चालत. ते सरासरीत धरत नाहीत. मारलेले धरायचे. मैनाचे सात, रंभाचे तीन.”

“पण पोचली ना?”

“पोचली, पण चालत.”

आता हे मला काय कळेना. मी रोह्याला एस्टीनं गेले काय नि पायी गेले काय, रोहा ते रोहाच ना? आणि दोघी वीस-वीस वेळा उभ्या राहिल्या. एक अकरा वेळा पोचली, एक आठ वेळा. मग पुढची कोण? सर म्हणाले, “तुम्ही आपल्या वाल निवडा आजी.”

निवडायला बसले नि तेच मनात आलं. मी खडा दिसला की बाजूला सारते. रंभा चेंडू तसाच निवडते! सगळे हात घालतात, ती बघत उभी राहते. आमची मैना खड्यालाही मुसळ मारते.

जाता जाता सर सांगून गेले, शनिवारी जिल्ह्याचा संघ निवडणाऱ्या पेणच्या वत्सला मॅडमना घेऊन येतो. संघात एकच जागा उरली आहे. मैनाचंच जवळजवळ ठरलं, घरच्यांचा होकार हवा. घरात नुसता आनंद! मैनानं मला उचलून फिरवलं. कंबर अजून दुखतेय.

६ डिसेंबर, गुरुवार

सुनेनं बिरड्याला वाल भिजत घातले. डब्यात कमी होते, म्हणून फळीवरच्या दोन्ही वाट्यांतले ओतले! मी ओरडले. ती म्हणते, “आत्या, वाल ते वाल. जास्तीचे कशाला फळीवर ठेवलेत?”

पाण्यात एकोणीस दाणे शोधून काय उपयोग? कुठला कुणाचा काय कळणार!

तसं बरंच झालं म्हणायचं. आता कुणी विचारलं तरी दाखवायला काय नाय.

असं मी का लिहिलं?

८ डिसेंबर, शनिवार

आले नि गेले.

मॅडम साधी बाई, जमिनीवरच बसली. बिरडं दोनदा मागून घेतलं. सर मस्करीत म्हणाले, “या आजी वाटीत वाल टाकून मोजतात बरं का!” मॅडमनी विचारलं, “काय मोजता?” मी म्हटलं, “गोणपाटावर पोचली की एक.”

मॅडमचा घास थांबला. “मारून की चालत?”

“दोन्ही. मला काय त्यातलं कळतं?”

“अहो, तेच तर कुणी बघत नाही! मोठा फटका सगळे बघतात. बाद न होता पोचली किती वेळा, ते बघत नाहीत. दाखवा की वाट्या.”

“तुम्ही जेवताय तेच ते,” सून म्हणाली. मॅडम हसून हसून लाल. “पुरावा पोटात गेला! मग तोंडी सांगा आजी.”

मैना वाढत होती. माझ्याकडे बघत होती. मनात आलं, मैना बारा म्हण. कोण बघायला येतंय? पण आकडे तोंडात तयारच होते. लाभ म्हणून टाकलेला दाणा, खोटा कसा सांगू? म्हटलं, मैना आठ, रंभा अकरा.

सुनेचा डाव पातेल्यात तसाच राहिला. मॅडमनी सरांची वही मागितली. कडेला पेन्सिलीनं बारीक ‘चालत’ लिहिलेलं. रंभाचे आठ निघाले, मैनाचा एक. तीन नि आठ अकरा. सात नि एक आठ. माझंच बरोबर! आणि मला जमीन फाटली तर बरं असं झालं.

मैना भाताचं भांडं ठेवून मागच्या दारी गेली.

९ डिसेंबर, रविवार

मैना माझ्या पंगतीला बसत नाय, ताट घेऊन मागच्या दारी जाते.

११ डिसेंबर, मंगळवार

सर सांगून गेले, जागा रंभाची. मॅडम तिच्या आईला भेटायला येणार. सीताबाई म्हणाली, “व्हय गो, आजी हायस का वैरीण?” बरोबर केलं की चुकलं? मोजणं बरोबर होतं एवढं कळतं. बाकी काय कळत नाय.

१४ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी मैना टोपात वाल भिजत घालत होती. मी भीत भीत विचारलं, “कुणासाठी गो?” सहा दिवसांनी बोलली. “रंभाच्या आईला शिफ्ट हाय आज्जी. तिच्याकडं रांधणार कोण? मॅडम रविवारी येणार हायत.”