फ्रीझरच्या तळाचा डबा

प्रिय सर,

आठ वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आता तुम्ही नसताना लिहायला बसले आहे. खरं सांगू? तुमच्या तेराव्याला मी आले ते डोळे पुसायला नव्हे. तुमच्या प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर एकदा उघडून बघायचा होता. मला पुरावा हवा होता. घरी काकूंनी काही न विचारता त्याची चावी हातावर ठेवली, तेव्हा त्यांचाही संशय आला!

चामोर्शीच्या त्या बांधीतली, भातखाचरातली माती आठवते? धानावर वर्षानुवर्षं कीटकनाशक फवारलेलं, आणि त्याच मातीत तुम्हाला ते विष खाऊन जगणारा जिवाणू सापडला. जिवाणूंच्या जनुकांमागे तुम्ही हयात घालवलीत. मोठ्या शहरांतली बोलावणी नाकारून चंद्रपूरच्या कॉलेजातल्या गळक्या खोलीत राहिलात. हा जिवाणू तुमचा सगळ्यात मोठा शोध. तो वाढवायचं, सांभाळायचं काम माझ्याकडे होतं आणि माझी पीएच.डी.ही त्याच्यावरच होती.

मग परीक्षकांसमोर तो विषाला तोंडच लावेना. दोन दिवस झाले तरी विष जसंच्या तसं!

त्याच महिन्यात एका कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. तुम्ही दार का लावून घेतलं होतंत, सर? मी ठरवूनच टाकलं: खरा जिवाणू त्याच्या बॅगेतून गेला आणि आपल्याकडे कुठला तरी भलताच ठेवलात. तसं तोंडावर विचारलंही. तुम्ही चष्मा पुसत एवढंच म्हणालात, "पोरी, तू त्याले काय खाऊ घालून राह्यली होती?"

मला वाटलं, विषय बदलताहेत. मी प्रयोगशाळा सोडली आणि चार जणांना सांगितलं की सरांनी जिवाणू विकला. बोलणं विद्यापीठापर्यंत पोचलं. त्यानंतर तुमच्याकडे एकही विद्यार्थी आला नाही.

फ्रीझरच्या तळाशी डबा होता. पहिल्या नळीवर तुमचं तिरकं अक्षर: 'चामोर्शी, मूळ'. ती पाहूनही मी काय म्हटलं असेल? एक नळी ठेवून दुसरी विकता येतेच की! पण शेजारी आणखी तीस नळ्या होत्या. 'साधं खाद्य, दिवस पहिला' पासून 'दिवस तिसावा' पर्यंत. तारखा मी निघून गेल्यानंतरच्या.

सगळं मी शिकवते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणलं आणि महिनाभर एकेक नळी जागी करून तपासली. मूळ जिवाणू आजही विष फस्त करतो. पाचव्या दिवसाचाही करतो. पुढे पुढे मंदावत जातो आणि तिसाव्या दिवसाचा नुसता बसून राहतो.

साधं खाद्य त्याला मीच घालत होते, सर. विषाच्या वासानं माझं डोकं दुखायचं आणि साध्या खाद्यावर तो भराभर वाढायचा, म्हणून मी विष घालणंच सोडलं होतं. मग विष पचवणारी जनुकं तो कशाला बाळगेल? गरज नाही म्हटल्यावर त्यानं टाकून दिली. हे मी दरवर्षी फळ्यावर मुलांना शिकवते!

तुम्हाला तीस दिवसांत कळलं होतं. मग सांगितलं का नाहीत? मला लाज वाटेल म्हणून, की राग होता म्हणून? कुणी तोंड उघडलं नाही की मला संशय येतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. एक पोस्टकार्ड टाकायचं होतंत. मी रडले असते, पण आले असते.

कंपनीचा तो माणूस चहा पिऊन रिकाम्या हातानं गेला, असं काकू म्हणतात. काल चावी परत द्यायला गेले, तेव्हा विचारलं की इतकी वर्षं ती कुणालाच कशी दिली नाही. काकू म्हणाल्या, "वनितालेच दे म्हणत. संशय घ्याले तरी येईल ती, म्हणत."

ज्यांना सांगितलं होतं त्या चौघांपैकी तिघं अजून आहेत. एकेकाच्या घरी जाऊन सांगेन की सरांनी काही विकलं नव्हतं, चूक माझी होती. विद्यापीठालाही माझ्या सहीनं तेच लिहून देईन. आणि चामोर्शीचा जिवाणू आता कितीही डोकं दुखलं तरी विषावरच वाढवेन.

तुमची संशयी विद्यार्थिनी,
वनिता